बाग एक ते चार बंद

आपल्याकडे एक वाक्य फार लाडकं आहे. "अहो, गोव्याला बागा कशाला हव्यात? आख्खा गोवाच एक बाग आहे!" लग्नाच्या पंगतीत, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत, पालिका निवडणुकीच्या दिवसांत, कुठे ना कुठे हे कानावर येतंच. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान असतं. जणू हे सगळे माड त्यानेच लावलेत.

मला या वाक्याचा मनापासून राग आहे.

कारण आपल्या बोलीत बाग म्हणजे कोणाची तरी बाग. माडाची, पोफळीची, काजूची. भाटाला गडगा असतो, गडग्याच्या आत भाटकार असतो आणि भाटकाराचा कुत्राही असतो. तिथे तुम्ही नातवाला घेऊन शिरलात आणि पंचा पसरून बसलात तर काय होईल ते मी सांगायला नको. "मग समुद्र आहे ना," असं पुढचं उत्तर येतं. आहे. एप्रिलमध्ये दुपारी साडेबाराला मिरामारच्या वाळूत तीन वर्षांच्या पोराला घेऊन बसून दाखवा, मग बोलू. आमच्या आधीच्या पिढीला हा फरक नीट कळत होता. ते कुळागराला बाग म्हणत आणि शहरातल्या बागेला जार्दीन म्हणत. शब्द पोर्तुगीज, पण वस्तू समजलेली होती. जार्दीन म्हणजे कामराने राखलेली, कोणीही न विचारता शिरावं अशी जागा.

ही जागा कोणाला लागते? ज्याचं शहरात घर नाही त्याला. ज्याची गाडी नाही, क्लब नाही, ओळखीचं दुकान नाही त्याला. आणि सगळ्यात जास्त लागते ती आजीला किंवा आजोबाला, सोबत नातवंड असलं की.

मी सरकारी कारकून आहे. खिडकीच्या आतल्या बाजूचा माणूस. खिडकीच्या बाहेर कोण उभं असतं ते गेली वीस-एक वर्षं पाहतोय. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००२ साली सुरू झाली, तेव्हापासून तर म्हाताऱ्या माणसांच्या पणजीच्या फेऱ्या वाढल्याच. कुणाला हयातीचा दाखला द्यायचा असतो, कुणाचं नाव आधारात एक आणि बँकेत दुसरं असतं, कुणाला एक-चौदाचा उतारा हवा असतो. सत्तरीतून येतात, पेडण्याहून येतात, काणकोणहून पहाटेची कदंब पकडून येतात. आणि हल्ली यातल्या कितीतरी जणांच्या बोटाला एक पोर धरलेलं असतं. मुलगा ड्रायव्हर, सून वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या कंपनीत पॅकिंगला. पोराला घरी ठेवायचं कुणाकडे? मग ते आजीबरोबर पणजीला येतं.

आजी कागद करायला येते, नातू पणजी बघायला येतो. त्याला कबूल केलेलं असतं. बस दाखवीन, बोट दाखवीन, आइस्क्रीम देईन आणि बागेत झोपाळ्यावर बसवीन. त्याच्या लेखी ती सहल असते. आमच्याकडे नोंद होते ती फक्त अर्जाची.

अर्ज बाराच्या आत पुढे सरकतो. अडतं ते एका सहीपाशी. जेवणाची सुट्टी कागदोपत्री पाऊण तासाची, पण साहेब बैठकीला गेलेले असतात आणि खिडकीवरून उत्तर जातं, "तीन वाजता या." परतीची बस साडेचारची. म्हणजे मधले अडीच-तीन तास. "बाबा, आतां खंय बसूं? भुरग्याक न्हीद आयल्या," असं एका म्हातारीने मला विचारलं होतं. तक्रार म्हणून नाही, खरोखरच विचारलं. कचेरीतले बाक भरलेले. हॉटेलात चहा संपेपर्यंत बसू देतात, पुढे पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसत उभा राहतो. देवळं दुपारी मिटतात. मी म्हटलं, बागेत जा, पाच मिनिटांवर आहे. ती गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. फाटकाला कुलूप. पाटीवर वेळ लिहिलेली, सकाळी सहा ते एक, संध्याकाळी चार ते आठ.

बागेलासुद्धा शिएस्ता!

सगळ्याच बागांची अशी गत आहे असं मी म्हणत नाही. काही दिवसभर उघड्या असतात आणि तिथे दुपारी बाकांवर कोण दिसतं ते जाऊन पाहा. पण जिथे जिथे नवी बाग होते, नूतनीकरण होतं, कुंपण नवं होतं, तिथे तिथे ही दुपारची सुट्टी हमखास चिकटते. वेळ ठरवताना डोळ्यांसमोर कोण होतं ते उघड आहे. सकाळी सहाला बूट घालून चालायला येणारा आणि संध्याकाळी सहाला पुन्हा बूट घालून येणारा. त्याच्याशी माझं भांडण नाही, डॉक्टरने सांगितलंय तर त्याने चालावंच. पण त्याला घर आहे. दुपारी तो घरी पंख्याखाली असतो. बागेची खरी गरज ज्या घटकेला ज्या माणसाला असते, नेमकी तीच घटका आणि तोच माणूस वगळून वेळापत्रक केलेलं आहे.

कुलपाच्या बाजूने जे बोललं जातं तेही सांगतो. पहिलं म्हणजे, दुपारी बाग उघडी ठेवली की दारुडे येऊन झोपतात. कमाल आहे! ज्या शहरात बार दुपारी उघडा असतो तिथे दारुड्याच्या भीतीने बाग बंद? दारुड्याला हाकलायला एक राखणदार पुरतो, आणि तसाही कुलूप लावायला एक माणूस नेमलेला असतोच. त्याला कुलपाऐवजी काठी द्या. आणि दुपारच्या उन्हात बाजारातला एखादा हमाल बाकावर अर्धा तास आडवा झाला तर त्याने बाग बाटते का? तोही याच शहराचं ओझं उचलतो. दुसरं, जोडपी बसतात. बसू देत. जवळच्या बाकावर आजी नातवाला भात भरवत असली की जोडपीही नीट बसतात. उलट रिकामी, कुलूपबंद, झुडपांनी भरलेली बाग हीच कुंपणावरून उड्या टाकणाऱ्यांच्या सोयीची. तिसरं कारण माळ्यांच्या जेवणाचं. माळ्याने जेवावं, अवश्य जेवावं. पण रस्ता झाडणारे जेवायला बसले म्हणून रस्ता बंद करत नाहीत.

बंगळूरला हाच प्रकार होता. तिथल्या पालिकेच्या बागा सकाळी दहाच्या सुमारास बंद होत त्या दुपारी दीडनंतर उघडत. लोकांनी ओरड केली आणि २०२४ साली त्या पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघड्या ठेवायचं ठरलं. एवढं मोठं शहर, एवढी गर्दी, तिथे जमू शकतं तर आपल्याला कसली अडचण आहे?

आता बडोद्याचं सांगतो. माझी मावसबहीण तिथे राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे डिसेंबरात तिच्याकडे गेलो होतो. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बाकीची मंडळी खरेदीला गेली आणि बाबा नातीला घेऊन सयाजीबागेत गेले. तिथले मराठी लोक तिला कमाटीबाग म्हणतात. अकराला गेलेली ही दोघं साडेतीन वाजता परत आली, तीही आम्ही फोन केला म्हणून. वास्तविक बाबा प्रवासात कुरकुर करणारे. गुडघे दुखतात, पाणी सोसत नाही, दुपारी पडल्याशिवाय चालत नाही. त्या दिवशी काहीच दुखलं नव्हतं. झाडाखाली बसून डबा खाल्ला होता. फुलांच्या घड्याळाचे काटे खरोखर फिरतात की नाही हे पाहायला दोघं घड्याळासमोर पुरी दहा मिनिटं उभी होती. आवारातल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहिला, त्याबद्दल मुलगी पुढे महिनाभर बोलत होती. आणि एवढ्या वेळात त्यांना "चला, उठा" असं कोणीही म्हटलं नाही. बागेत शिरायला आम्ही गेलो तेव्हा तिकीटही नव्हतं.

ही बाग १८७९ सालची. सयाजीराव तेव्हा कोवळे होते, पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १८८१ साली आले. शंभर एकरांच्या वर जागा, विश्वामित्रीच्या काठी, राजधानीच्या मध्यावर. पुढे १९०६ साली याच सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानाला लागू केलं. मला या दोन गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. रयतेला काय लागतं याचा विचार झालेला आहे, आणि रयत म्हणजे फक्त धडधाकट पुरुष नव्हे हे ओळखलेलं आहे. हैदराबादला तर निजामाच्या राज्यातल्या बागेचं नावच बाग-ए-आम. सर्वांची बाग! राजे होते ते. त्यांना मतं मागायची नव्हती.

पणजीत शंभर एकर कुठून आणणार, असं कोणी म्हणेल. नका आणू. दिवसभर फाटक उघडं ठेवायला एकरांची गरज नसते.

आणि मी परगावचं सगळंच गोड म्हणतोय असंही नाही. मुंबईची राणीची बाग १८६२ सालची. मुंबईला गेलेल्या गोवेकराने मुलांना राणीची बाग दाखवली नाही असं पूर्वी होत नसे, आणि त्यात परवडण्याचा भाग मोठा होता. अगदी अलीकडेपर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये तिकीट होतं. मग पेंग्विन आणले, आणि २०१७ साली पाचाचे पन्नास झाले. दहापट! पेंग्विन बघायचा त्याने पेंग्विनचे पैसे द्यावेत, ते समजू शकतो. पण ज्याला नुसतं त्या दीडशे वर्षांच्या झाडांखाली बसायचंय, त्याने थंडीतल्या पाखरांच्या वातानुकूलनाचा खर्च का भरायचा? बागेत एखादं 'आकर्षण' आणून बसवायचं आणि मग सगळ्या बागेलाच तिकीट लावायचं, ही युक्ती आपल्याकडेही येणार. येतेच आहे. कारंजं झालं, रोषणाई झाली, सेल्फी पॉइंट झाला, आता फक्त खिडकी उघडायची राहिली आहे.

आता उघड्या असलेल्या बागेत आत शिरू या. माझी कसोटी साधी आहे. पासष्ट वर्षांची आजी आणि चार वर्षांचा नातू यांना कोणाची मिनतवारी न करता तिथे तीन तास काढता येतात का?

पहिली गोष्ट संडास. लोकांना हा विषय लिहिण्याजोगा वाटत नाही, पण सगळं गाडं इथेच अडतं. चार वर्षांचं पोर "शू" म्हणालं की हातात दोन मिनिटं असतात. आजीची स्थितीही फार वेगळी नसते, ती फक्त बोलत नाही. कित्येक बायका पणजीला यायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला आमच्या कचेरीतल्या बाईमाणसांनी सांगितलं. बागेत बांधलेलं शौचालय असतं, त्यावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी असते आणि दाराला कुलूप असतं. पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, त्याची तोटी गेलेली असते. मी फायली हाताळणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. रिबन कापायला खर्चाचं शीर्ष असतं, नळाच्या वॉशरला नसतं. नव्या कामाचा प्रस्ताव आठवड्यात फिरतो, देखभालीचा प्रस्ताव टेबलाटेबलावर म्हातारा होतो.

दुसरी बाक. हल्लीचे बाक बसायला नसून दिसायला असतात. ग्रॅनाइटचा गुळगुळीत ओटा, ना पाठ ना हात. म्हाताऱ्या माणसाला बसायला पाठ लागते आणि उठायला बाकाचा हात लागतो. आपल्या जुन्या घरांच्या बालकांवांतले सोपे पाहा. पाठ टेकता येते, हात ठेवता येतो, शेजाऱ्याशी बोलता येतं. ज्या गवंड्याने ते बांधले तो काही डिझाइन शिकलेला नव्हता. आणि हे ग्रॅनाइट नेमकं उन्हात! झाडं एका बाजूला, बाक दुसऱ्या बाजूला. घसरगुंडीही उन्हात, म्हणजे दुपारी त्यावर पापड भाजावेत. कांपालला जुने अवाढव्य रेन ट्री आहेत. त्यांच्या सावलीत भर दुपारीही पाच-पंचवीस माणसं आरामात बसतात. असं एक झाड असेल तर निम्मी बाग झालीच. पण नूतनीकरण म्हणजे आपल्याकडे काय? माती काढायची, पेव्हर घालायचे, आळं सिमेंटने बुजवायचं. मग तीन पावसाळ्यांनी झाड पडलं की "झाड जुनंच होतं" म्हणायचं.

पाट्यांचं तर विचारूच नका. गवतावर चालू नये. फुलं तोडू नयेत. खाद्यपदार्थ आणू नयेत. मग पोराने करायचं काय, बागेला नमस्कार करून परत जायचं? गवत हे चालण्यासाठी असतं. मळलं तर पुन्हा येतं, ते गवत आहे. डबा आणू नका म्हणणारी पाटी तर मला निव्वळ निर्दयपणाची वाटते. ज्या आजीने पहाटे चारला उठून पोळी-भाजी बांधून आणलीय तिने ती कुठे सोडायची? आणि हे हुकूम बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत. आमची सत्तरीची आजी मराठी चौथी शिकलेली असते. देवनागरीत लिहा, मग ती मराठी असो की कोकणी, ती वाचेल आणि पाळेलही. राजभाषेचा वाद आपण बाहेर घालू, बागेच्या फाटकावर नको.

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. किती जणांना हे गृहस्थ माहीत असतील? सोळाव्या शतकातले गोव्यातले वैद्य. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आंबा, नारळ, सुपारी, विडा, सगळं त्यात आहे, आणि इथले लोक त्यांना काय म्हणतात ती नावंही त्यांनी विचारून विचारून लिहून घेतली. (मूळचे ज्यू घराण्यातले, म्हणून १५८० साली इन्क्विझिशनने त्यांची हाडं उकरून जाळली. ती वेगळी कथा, पण मुलांना कधीतरी सांगायला हवी.) चार-साडेचारशे वर्षांपूर्वी एक परका माणूस झाडांची आपली नावं लिहून घेतो, आणि त्याच्याच नावाच्या शहरी बागेत आजीने नातवाला झाड दाखवावं तर झाडावर आपल्या भाषेतली पाटी मला तरी दिसलेली नाही. आजी खेड्यातली असेल तर तिला पाटी लागत नाही, हा भाग वेगळा. तीच सांगेल. हा सातवीण, हा कुंयाळा बसतो तो पिंपळ. त्याच बागेत एक उंच खांब आहे. त्यावर पूर्वी वास्को द गामा होता, मुक्तीनंतर अशोकाचे सिंह आले. आजोबांनी नातवाला एवढं एक सांगायचं म्हटलं तरी अर्धा तास जातो, आणि शाळेच्या पुस्तकापेक्षा बरं लक्षात राहतं.

"हल्लीच्या मुलांना बागा नकोच असतात, त्यांना मॉलमधला प्ले झोन हवा," असंही ऐकतो. त्यांना काय हवं ते त्यांनी कधी ठरवलं? प्ले झोनमध्ये अर्ध्या तासाचे पैसे पडतात, आजीला काचेबाहेर उभं राहावं लागतं आणि वेळ संपली की पोर रडत बाहेर येतं. तिथे आजी म्हणजे चपला आणि पाण्याची बाटली सांभाळणारी बाई. बागेत तीच आजी झोपाळ्याला झोका देते, चुकून दुसऱ्याच्या पोरालाही देते, त्या पोराच्या आजोबांशी बोलते आणि त्यांचं माहेरगाव एकच निघतं.

गेल्या खेपेला पालिकेचे एक उमेदवार मत मागायला आले होते. मी दोनच प्रश्न विचारले. तुम्ही निवडून आलात तर बाग दुपारी दोन वाजता उघडी असेल का? आणि शौचालयाची किल्ली कोणाकडे असेल? ते हसले, "तुमचं काम लक्षात ठेवतो" म्हणाले. मी म्हटलं, माझं नाही, मी दुपारी कचेरीत असतो. तेव्हा त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मला बागेत बसवायच्या नव्या ओपन जिमचं चित्र दाखवलं.